रात्री दहानंतर दारूशिवाय ‘बसायला’ जागा आहे का कुठे?

शनिवारचा_उपाशी

मंडळी, प्रश्न जरा येडपट वाटेल पण सिरियसली विचारतोय. पुण्यात बाणेरला राहतो, आयटीत आहे, वय ३४. दारू सोडून आठ महिने झाले. त्यात काही थोर नाही, डॉक्टरांनी लिव्हरचा रिपोर्ट समोर ठेवला आणि माझी टरकली. सोडणं जमलं, पण शुक्रवारी रात्री करायचं काय हे अजून जमत नाहीये. आपल्याकडे ‘बसूया का?’ म्हटलं की त्याचा एकच अर्थ होतो, आणि मला आता खरोखर नुसतंच बसायचंय. दोन-तीनदा मित्रांबरोबर जाऊन लाइम सोडा पीत चकणा खाल्ला, पहिला तास बरा जातो, दुसऱ्या तासाला जे जोक होतात ते फक्त त्यांनाच कळतात, तिसऱ्या तासाला तेच जोक परत, मग सगळ्यांना घरी सोडायला ड्रायव्हर मी आणि बिल मात्र समान वाटून. कॅफेत गेलो तर अडीचशेची कॉफी संपल्यावर वेटर दर दहा मिनिटांनी ‘सर एनिथिंग एल्स’ करतो आणि साडेदहाला खुर्च्या टेबलावर उलट्या टाकायला लागतो.

मागच्या आठवड्यात रात्री साडेअकराला सदाशिव पेठेतून येत होतो, स्पर्धा परीक्षावाल्या पोरांची एक अभ्यासिका उघडी दिसली. आत ट्यूबलाइटखाली पन्नासेक पोरं माना खाली घालून, आणि बाहेर पायरीवर सात-आठ जण चहा घेऊन कडाकडा भांडत होते, विषय काय तर राज्यपालांचे अधिकार! मी गाडी बाजूला घेऊन पाच मिनिटं नुसता ऐकत उभा राहिलो. वाटलं हेच पाहिजे यार.

तर असं रात्री उघडं राहणारं वाचनालय आहे का जिथे परीक्षा न देणारा माणूस पण जाऊन बसू शकतो, चार लोकांशी बोलू शकतो? किंवा कुणी सुरू करायचा प्रयत्न केलाय का? ‘जिम लाव’ सांगू नका, लावलीय. जिम दहाला बंद होते.

पेठेतला_भाडेकरू

दादा, तुम्ही जे पाहिलं ते पायरीवरचं पाहिलं, आतलं नाही. मी चार वर्षं काढलीत अशा अभ्यासिकेत. पहिली गोष्ट म्हणजे अभ्यासिकेला लायब्ररी म्हणू नका, सगळे म्हणतात पण तिथे अभ्यासिकेचं स्वतःचं एकही पुस्तक नसतं, फार तर दोन पेपर येतात. तुम्ही भाडं देता ते एक खुर्ची, एक प्लायवूडचं पार्टिशन, चार्जिंग पॉइंट आणि लॉकर यांचं. आत कुजबुज केली तरी मागून ‘शूऽऽ’ येतं, पंखा तीनवर की पाचवर यावरून लोकांचं महिना महिना बोलणं बंद असतं. माझ्या शेजारी दीड वर्ष जो बसायचा त्याला मी ‘बेचाळीस नंबर’ म्हणायचो, तो मला ‘त्रेचाळीस’. खरं नाव कळलं ते तो परीक्षा पास होऊन एसटीआय (राज्य कर निरीक्षक) झाला आणि चौकात त्याचा फ्लेक्स लागला तेव्हा.

पण पायरीचं तुम्ही बरोबर ओळखलंत. रात्री बारा-साडेबाराला सगळे एकदम बाहेर येतात, कुणीतरी थर्मासवाल्याला आधीच सांगून ठेवलेलं असतं, आणि मग वीस मिनिटं जी काय बडबड चालते त्यावर दुसऱ्या दिवशीचा अभ्यास चालतो. खोटं नाही सांगत, त्या चार वर्षांत मला एकदाही ‘बसायची’ इच्छा झाली नाही. त्यात पैसे नव्हते हा पण भाग आला, पण नुसतं तेच नव्हतं.

तुम्ही आलात तर काही अडचण नाही, एमपीएससीला खुल्या वर्गाला ३८ पर्यंत वय चालतं, सगळ्यांना वाटेल शेवटच्या अटेम्प्टचे आहेत काका, आदराने जागा देतील 😄

खिडकीजवळची

पायरीचं एवढं कौतुक चाललंय म्हणून लिहिते. मी पण पेठेतच अभ्यास केला. आमच्या अभ्यासिकेत मुलांचा हॉल चोवीस तास आणि मुलींचा हॉल रात्री दहापर्यंत. का तर ‘तुमच्या सेफ्टीसाठी’. त्यात आमच्या हॉस्टेलचं गेट पण दहालाच बंद व्हायचं, म्हणजे खरंतर साडेनऊलाच बॅग भरायला घ्यायची. रात्री बाराच्या त्या चहाला मी चार वर्षांत एकदाच गेले, रूममेटच्या भावाबरोबर, आणि दुसऱ्या दिवशी घरमालकीणबाईंना ते कळलेलं होतं.

त्यामुळे ओपी (म्हणजे ज्यांनी प्रश्न टाकलाय ते), असं काही कधी सुरू केलंत तर जागा आतली असू द्या, बाहेरची नको. रस्त्यावरची पायरी म्हणजे अर्ध्या लोकांसाठी जागाच नाही. आत लाइट असलेली, दारात एक ताई किंवा काका बसलेले, स्वच्छ बाथरूम आणि घरी जायला रिक्षा मिळेल असा रस्ता. एवढं असेल तर मुली येतील, नाहीतर ते पण एक पुरुषांचंच ‘बसणं’ होईल, फक्त ग्लासात चहा.

हेलसिंकीत_कुडकुडणारा

फिनलंडहून. इथे हिवाळ्यात दुपारी साडेतीनलाच अंधार पडतो आणि पिणं हा इथला पण जुना प्रॉब्लेम आहे, त्यामुळे प्रश्न वाचून एकदम आपलंच वाटलं. हेलसिंकीत ओडी नावाची लायब्ररी आहे, ५ डिसेंबर २०१८ ला उघडली, देशाच्या स्वातंत्र्याला शंभर वर्षं झाली त्याची भेट म्हणून बांधली, अगदी संसदेच्या समोर. पुस्तकं लाखभर आहेत पण ती सगळ्यात वरच्या मजल्यावर. मधल्या मजल्यावर शिलाई मशीन, थ्री-डी प्रिंटर, गाणी रेकॉर्ड करायचे स्टुडिओ असलं सगळं, आणि बहुतेक फुकट. मी पहिल्या हिवाळ्यात कुणालाच ओळखत नव्हतो, ऑफिसातले लोक वर्षभर लिफ्टमध्ये पण बोलत नाहीत, तेव्हा तिथे जाऊन पँटची शिवण मारत बसायचो. शेजारच्या मशीनवर एक आजी पडदे शिवायच्या, मला सुईत दोरा ओवता येत नव्हता हे बघून त्या पहिल्यांदा बोलल्या. माझी तिथली पहिली ओळख तीच.

पण एक भ्रम काढून टाकतो, ओडी पण आठवड्यात रात्री नऊलाच बंद होते, शनिवार-रविवारी तर आठला. गंमत म्हणजे कडक दारू विकायचा हक्क इथे ज्या सरकारी दुकानांना आहे, त्या आल्कोची मोठी दुकानं पण आठवड्यात नऊलाच बंद होतात, त्यामुळे निदान मॅच बरोबरीत सुटते. उशिरासाठी इथे वेगळी सोय आहे, छोट्या ब्रँच लायब्रऱ्यांत स्टाफ घरी गेल्यावर पण तुमचं लायब्ररी कार्ड आणि पिन टाकून आत जाता येतं, पुस्तकं स्वतःच मशीनवर घ्या-द्या. आमच्या इथल्या ब्रँचमध्ये संध्याकाळी दोन म्हातारे रोज बुद्धिबळ खेळतात, स्टाफ कुणी नाही.

२०१७ पासून इथे जो लायब्ररी कायदा लागू आहे त्यात लायब्ररीच्या कामांत शिकायला, विरंगुळ्याला, काम करायला जागा देणं हे पण लिहिलंय. म्हणजे नुसतं बसायला देणं हे कायद्याने त्यांचं काम आहे.

शांतताप्रिय

म्हणजे वाचनालयात गप्पा मारायच्या, कपडे शिवायचे, बुद्धिबळ खेळायचं. ज्याला वाचायचंय त्याने कुठे जायचं? परमिट रूममध्ये?

हेलसिंकीत_कुडकुडणारा

@शांतताप्रिय 😀 मधे एक दार लागतं, बाकी काही नाही. ज्या खोल्या आवाजाच्या आहेत त्या काचेने बंद आहेत. परमिट रूमवरून आठवलं, आपल्याकडे १९४९ च्या कायद्याने दारू प्यायला कागदावर परवाना लागतो, त्यावरूनच ते नाव पडलं ना? परवाना लागणारी जागा मध्यरात्रीपर्यंत उघडी आणि ज्याला कसलाच परवाना नको ते वाचनालय आठला कुलूप.

तालुक्याचा_ग्रंथपाल

आठला कुलूप कोण लावतं, तर मीच. त्यामुळे माझी पण बाजू ऐका.

आमचं ‘ब’ वर्गाचं वाचनालय आहे. सकाळी आठ ते अकरा, संध्याकाळी पाच ते आठ. राज्यात १९६७ च्या कायद्याखाली वर्ग पडतात अ, ब, क, ड, त्यावर अनुदान ठरतं, आणि त्यातून माझा पगार, शिपायाचा पगार, पेपरचं बिल, लाइट बिल. रात्री उघडा म्हणणं सोपं आहे, पण बारा वाजता पंखे कुणाचे, आणि झाडायला सकाळी मीच.

तरी एकदा केलं. पुण्यातली वसंत व्याख्यानमाला १८७५ पासूनची, व्याख्यान ऐकायला घराबाहेर पडणं ही आपल्याकडे करमणूकच होती, म्हणून वाटलं बघू. भाषणाला कुणी येणार नाही हे माहीत होतं, त्यामुळे कोजागिरी पकडली. त्या रात्री तसंही सगळे जागे असतात आणि दूध आटवलेलं असतं. वाचनालयाच्या गच्चीवर मसाला दूध, खाली कॅरमचे दोन बोर्ड, दिवाळी अंकांचे जुने गठ्ठे काढून ठेवले, ज्याला जे वाटेल ते मोठ्याने वाचून दाखवायचं. वीस येतील म्हटलं होतं, साठ आले, दूध कमी पडलं, शेजारच्या डेअरीवाल्याला उठवलं. रात्री एक वाजता एक रिटायर्ड हेडमास्तर आणि एक टेम्पो चालवणारा पोरगा एकाच अंकातली भयकथा आलटून पालटून वाचत होते आणि खाली कॅरम थांबला होता.

पुढच्या पौर्णिमेला परत उघडलं, अकरा जण. त्यातले दोघे पिऊन आलेले. दारातून परत पाठवलं तर एक जण म्हणाला, ‘पुस्तक वाचायला आलोय, वास घ्यायला नाही बोलावलं तुम्हाला.’ कार्यकारिणीच्या मीटिंगला दोन तास त्यावरच गेले आणि ते बंद पडलं. मला अजून वाटतं त्या दोघांना आत घ्यायला पाहिजे होतं की नको, हे मला नीट ठरवता आलं नाही.

आजचा_दिवस

ग्रंथपाल साहेब, तुमच्या शेवटच्या वाक्यावर लिहायला म्हणून लॉगिन केलं. मी अकरा वर्षं सोबर आहे. मुक्तांगणची बॅच. (माहीत नसेल त्यांच्यासाठी, पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेलं व्यसनमुक्ती केंद्र.) त्या रात्री आत घेतलं नाही ते बरोबर केलंत. ज्याने नुकतीच सोडलीय त्याला शेजारच्या खुर्चीवरून वास आला तर त्याची ती रात्र गेली. पण दारात उभं राहून ‘उद्या न पिता या, तुमचा डाव लावून ठेवतो’ एवढं म्हणायचं. मला असं एकाने म्हटलं होतं, कॅरमचंच निघालं योगायोगाने.

ओपी, आठ महिने म्हणजे चांगलं चाललंय. आमची एएची (अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा गट) मीटिंग तासाभरात संपते, साडेआठला माणूस रस्त्यावर. साडेआठ ते साडेअकरा हे तीन तास सगळ्यात वाईट, कारण वीस वर्षं त्या वेळेला हात काहीतरी धरत होता. माझे पहिले सहा महिने एसटी स्टँडवर गेले. हसू नका. उजेड असतो, माणसं असतात, कुणी ऑर्डर विचारत नाही आणि का बसलाय विचारत नाही. तिथेच स्टॉलवरून रहस्यकथा घेऊन वाचायला लागलो. वाचनालय रात्री उघडं असतं तर तिथे गेलो असतो, स्टँडवर डास फार.

‘दारू न पिणाऱ्यांसाठी जागा’ असा बोर्ड मात्र लावू नका. त्या बोर्डाखालून आत जायला मला तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. नुसतं वाचनालय लिहा.

शनिवारचा_उपाशी

एवढे रिप्लाय येतील वाटलं नव्हतं. स्टँडची आयडिया डोक्यात बसलीय, काल रात्री खरंच शिवाजीनगर स्टेशनवर जाऊन तासभर बसून आलो, चहा बेकार आहे.

अपडेट असं की आमच्या सोसायटीत क्लबहाऊसच्या वर एक ‘रीडिंग रूम’ आहे, बिल्डरने ब्रोशरसाठी केलेली, कपाटात तीन इन्व्हेस्टमेंटची पुस्तकं आणि एक प्लास्टिकचं झाड. किल्ली सिक्युरिटीकडे असते. सेक्रेटरी काकांना विचारलं शुक्रवारी रात्री नऊ ते बारा उघडू का, त्यांनी पहिला प्रश्न केला, ‘पार्टी आहे का?’ नाही म्हटल्यावर दुसरा प्रश्न, ‘मग कशाला?’ वीस मिनिटं समजावलं. शेवटी एक महिना ट्रायल दिलीय, एसी लावायचा नाही या अटीवर. @खिडकीजवळची, दारात बसायला बी विंगमधल्या एक काकू तयार झाल्यात, त्यांना तसंही झोप लागत नाही म्हणाल्या, विणकाम घेऊन येणारेत. मधलं दार नाहीये, त्याचं काय करायचं बघतोय.

जुने दिवाळी अंक कुणाकडे पडून असतील तर सांगा, गाडी घेऊन येतो. आणि ग्रंथपाल साहेब, कॅरमची पावडर कुठली वापरता? आमच्या बोर्डावर स्ट्रायकर अर्ध्यात थांबतोय.