१७ वर्षांच्या पोराला मस्टँग घेऊन द्यावी का? (घरात वातावरण तापलंय)

ओकट्री_सातारकर:
नमस्कार मंडळी, न्यू जर्सीत एडिसनला राहतो, मूळचा साताऱ्याचा. मुलगा ऑक्टोबरमध्ये १७ चा होतोय, शिकाऊ परमिटवर चालवतोय आत्ता, वाढदिवस झाला की रोड टेस्ट देऊन प्रोबेशनरी (सुरुवातीचं, अटींचं) लायसन. आता गोष्ट अशी की दोन उन्हाळे लाइफगार्डची नोकरी करून त्याने साडेसहा हजार डॉलर जमवलेत (माझ्या वयात माझ्याकडे साडेसहा रुपये नव्हते) आणि त्याच्या मित्राच्या शेजाऱ्याकडे एक २०१६ ची मस्टँग इकोबूस्ट विकायला आहे, ६२ हजार मैल झालेत, लाल, एकदम नीट ठेवलेली. शेजारी साडेपंधरा हजार म्हणतोय. पोरगं म्हणतं ढोबळ हिशोबाने अर्धे माझे अर्धे तुमचे.

बायकोचं म्हणणं, घरात २०१४ ची कॅमरी पडून आहे ती चालव गुपचूप. मला असं वाटतं की पोराने स्वतः कमवून काही मागितलंय तर सरळ नाही म्हणणं बरं दिसत नाही, आणि अहो ही काय आठ सिलिंडरची व्ही८ नाहीये, चार सिलिंडरची आहे, मायलेजही बरं देते. मुलगा शांत आहे, ग्रेड्स चांगल्या आहेत, पार्टी वगैरे भानगड नाही. चालवतोही छान, २८७ हायवेवर मर्ज करताना माझ्यापेक्षा व्यवस्थित करतो.

कुणी टीनएजरला अशी गाडी दिली आहे का? अनुभव सांगा. शिव्या नंतर द्या.

निवांत_नागपूर:
नाही. पुढचा प्रश्न.

गुळाचा_गणपती (डॅलस):
वरच्यांनी दोन शब्दांत उरकलं पण मी गाड्यांचा किडा असल्यामुळे जरा लांबड लावतो.

दादा, "चार सिलिंडर" म्हणून स्वतःची समजूत घालू नका. २०१६ च्या इकोबूस्टमध्ये २.३ लिटरचं टर्बो इंजिन आहे, ३१० घोडे. तुमची कॅमरी साधारण १७८. म्हणजे पावणेदोनपट, आणि ते सगळे घोडे मागच्या चाकांना जुंपलेले. कॅमरी पुढच्या चाकांनी ओढली जाते, तिच्यात वळणावर जास्त पाय दिला की ती नाक बाहेर काढून सरळ जायला बघते, घाबरलेला माणूस आपोआप पाय काढतो आणि गाडी सावरते. मागच्या चाकांच्या गाडीत ओल्या रस्त्यावर तेच केलं की शेपूट बाहेर येतं, आणि तेव्हा घाबरून पाय झटकन काढला तर कधीकधी अजून बिघडतं. हे हाताला कळायला वर्षं लागतात.

आता मस्टँगच्या बाजूनेही बोलतो, नाहीतर म्हणाल एकतर्फी. २०१२ मॉडेलपासून अमेरिकेत सगळ्या नव्या कार्सना स्टॅबिलिटी कंट्रोल (घसरणारी गाडी आपोआप सावरू बघणारी यंत्रणा) सक्तीचा झाला, त्यामुळे २०१६ च्या गाडीत तो आहेच. वजन साडेतीन हजार पौंडांच्या आसपास, म्हणजे धडक झाली तर अगदी डबडं नाही. टीनएजरला मियाटासारखी चिमुकली गाडी देण्यापेक्षा हे बरं. आयआयएचएस (गाड्यांची सुरक्षितता तपासणारी अमेरिकन संस्था) टीनएजरांसाठी वापरलेल्या गाड्यांची यादी काढते त्यात छोट्या हलक्या गाड्या घेतच नाहीत, आणि जास्त घोड्यांच्याही घेत नाहीत. दोन्ही टोकं गाळतात.

फोर्डमध्ये मायकी नावाची सोय असते, पोराची चावी वेगळी करायची, वरचा स्पीड बांधून टाकता येतो, म्युझिकचा आवाज दाबता येतो, बेल्ट लावल्याशिवाय रेडिओ गप्प. शेव्हरोलेत टीन ड्रायव्हर म्हणून असंच आहे, तिथे तर प्रगतिपुस्तक मिळतं. पण ताशी ८० मैलांना बांधून काय होणार? ओक ट्री रोडवर ८० ने कोण जातंय! घात होतो तो शून्य ते पन्नासमध्ये, सिग्नल सुटल्यावर, आणि तिथे मायकी फारसं काही करत नाही.

एक शेवटचं. टायर बघून घ्या. अशा गाड्यांना पहिल्या मालकाने समर टायर चढवलेले असतात बऱ्याचदा, थंडी पडली की ते रबर प्लास्टिकसारखं कडक होतं, बर्फ पडायचीही गरज नाही. नोव्हेंबरात न्यू जर्सीत पोरगं तशा टायरवर नको.

(कार शोमधून बाहेर पडताना भाव खायला जाऊन फुटपाथवर चढणाऱ्या मस्टँगचे व्हिडिओ त्याला दाखवा. तो म्हणेल मी तसा नाही. ते सगळेही तसे नव्हते.)

प्रीमियमवाली_ताई:
मी इन्शुरन्समध्ये आहे, १२ वर्षं झाली, म्हणून फक्त माझ्या खात्याचं बोलते.

गाडी बघायला जायच्या आधी व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) घेऊन प्रीमियमचा कोट मागवा. आधी गाडी आणि मग कोट असं करणारे लोक मला दर आठवड्याला भेटतात, तोंड पांढरं पडलेलं असतं. १७ वर्षांचा मुलगा पॉलिसीत घातला की आकडा उडतोच, त्यात टर्बो कूप असली की अजून. गुड स्टुडंट डिस्काउंट मागून घ्या, ट्रान्सक्रिप्ट (शाळेचा मार्कांचा दाखला) लागेल.

दुसरं, आणि हे प्रत्येक देशी बाप मला कानात विचारतो: "गाडी माझ्या नावावर दाखवतो, मीच चालवतो म्हणून सांगतो, चालेल ना?" नाही चालणार भाऊ. रोज कोण चालवतं हे खोटं सांगितलं आणि क्लेम आला तर कंपनी उकरून काढते, आणि मग तुम्ही घर विकायला काढता. मुलगा सज्ञान नाही, गाडी तुमच्या नावावर असणार, समोरच्याने दावा ठोकला तर तुमच्या घरापर्यंत येऊ शकतो. अंब्रेला पॉलिसी (गाडीच्या पॉलिसीची मर्यादा संपली की वरचा दावा भरणारी) नसेल तर मस्टँग असो की कॅमरी, ती आधी घ्या.

आईच_ती:
सातारकर, राग मानू नका पण "मुलगा शांत आहे" हे वाक्य मीही म्हणायचे.

आमच्याकडे दोन दारांची मागच्या चाकांवर चालणारी कूप होती, नवऱ्याची हौस, मुलाला १७ पूर्ण झाल्यावर कधीमधी द्यायचो. नोव्हेंबरची संध्याकाळ, पाऊस पडून गेलेला, पार्कवेच्या रॅम्पवर ओल्या पानांचा थर. तो म्हणतो स्पीड ताशी ३५ मैल होता, आणि माझा विश्वास आहे कारण गाडीतल्या रेकॉर्डरनेही तेच सांगितलं. गाडी दीड गिरकी घेऊन उलट्या तोंडाने गार्डरेलला टेकली. मागून कुणी आलं नाही. एवढंच, बाकी काही झालं नाही. पोराला खरचटलंसुद्धा नाही. पण मला फोन आला तेव्हा तो बोलतच नव्हता, नुसता श्वास ऐकू येत होता, तो आवाज मी अजून विसरले नाही, भाजी चिरताना मध्येच आठवतो.

त्याने काहीही वेडंवाकडं केलं नव्हतं. शांत मुलगा, ३५ चा स्पीड.

कोथरूडचा_कट्टेकरी:
तिकडे बसून तुम्ही लोक विचारता तरी, इकडे पुण्यात विचारतंय कोण! १९ मे २०२४ ची पहाट आठवा, कल्याणीनगर, सतरा वर्षांचा मुलगा, पोर्श टायकान, बाइकवरचे दोन तरुण इंजिनिअर गेले. आणि सुरुवातीला जामीन देताना अट काय तर ३०० शब्दांचा निबंध. आमच्या आज्जीने पेपर वाचून विचारलं, शुद्धलेखनाचे मार्क किती? माकडाच्या हातात कोलीत, दुसरं काय.

गुळाचा_गणपती (डॅलस):
@कट्टेकरी, संताप मलाही आला होता पण इथे ती तुलना लागू नाही हो. तिथे मुळात लायसनच्या वयाचा नव्हता तो, बाकीचं कोर्टात आहे. भारतात २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन पोराने गुन्हा केला तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड, गाडीचं रजिस्ट्रेशन वर्षभर रद्द, पोराला पंचविशीपर्यंत लायसन नाही, असा कायदा आहे, पाळतंय कोण हा वेगळा विषय. सातारकरांचं पोरगं नियमाने परमिट घेऊन शिकतंय. त्याला आणि त्या पोर्शवाल्याला एका माळेत ओवू नका.

कोथरूडचा_कट्टेकरी:
मान्य. पण ३१० घोड्यांना लायसन वाचता येत नाही.

यश_बे_एरिया:
हाय, मी १९ वर्षांचा आहे, मराठी लिहायला थोडं कच्चं आहे, आईने हा धागा दाखवला म्हणून लिहितोय.

मोठे लोक सगळे इंजिनबद्दल बोलतायत पण खरा प्रॉब्लेम मागची सीट आहे. मी एकटा असताना म्हाताऱ्यासारखा चालवायचो. मित्र बसले की कोणीतरी म्हणतोच, दाबून दाखव ना. कॅमरीत कोणी म्हणत नाही. खरंच, कॅमरीला कोण म्हणेल? पण स्पोर्ट्स कारमध्ये बसायला लोक येतातच त्यासाठी. आमच्या कॅलिफोर्नियात पहिलं वर्ष २० च्या खालचे पॅसेंजर चालत नाहीत, सोबत मोठं माणूस नसेल तर. मला तेव्हा तो रूल स्टुपिड वाटायचा. सॉरी, पण एकदा मी दाबून दाखवलं होतं. आईला माहीत नाही (आता झालं).

यशची_आई:
झालं माहीत. घरी ये.

निवांत_नागपूर:
😂😂 आजचा बेस्ट रिप्लाय

एल्म_स्ट्रीट_आज्जा:
आमच्या जर्सीतही आहे की नियम. प्रोबेशनरीवर रात्री ११ नंतर पहाटे ५ पर्यंत चालवायचं नाही, आईबाप सोबत नसतील तर (चालवणाऱ्याची स्वतःची मुलं सोडून) एकच माणूस गाडीत, फोन हँड्सफ्रीसुद्धा नाही, नंबर प्लेटला लाल स्टिकर, ते २०१० पासून. आता तर सोबत बसून ५० तास सराव, त्यातले १० अंधारातले, हेही आलंय. सातारकर, ते ५० तास तुम्ही भरलेत का खरे, की वहीत आकडे मांडलेत? मी नातवाबरोबर भरले, माझं बीपी वाढलं पण मुलगा घडला.

आणि एक विचारू का. पोस्टमध्ये लाल रंग, मैल, "नीट ठेवलेली", मायलेज, सगळं तुम्ही लिहिलंय. पोराचं वाक्य एकच आहे, अर्धे माझे अर्धे तुमचे. ताकाला जाऊन भांडं का लपवताय? गाडी पोराला हवी आहे की तुम्हाला?

ओकट्री_सातारकर:
आज्जा, तुम्ही कालच्या रात्रीची माझी झोप घालवलीत.

खरं सांगतो. ९६-९७ ची गोष्ट, आमच्या ग्रुपमध्ये एकाकडे आरएक्स१०० होती. यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागायचो, मी कायम मागे बसलेला. वडील एसटीत होते, आमच्याकडे सायकल, तीही चेन पडणारी. तो आवाज अजून कानात आहे. पोराने मस्टँगचा फोटो दाखवला तेव्हा तो माझ्याआधी फोन खाली ठेवून जेवायलासुद्धा गेला होता, मीच बघत बसलो होतो. तास ३४ भरलेत. रात्रीचे ४. वहीत ५० आहेत. आता उरलेले खरे भरतोय, काल पावसात रूट १ वर गेलो.

कोट मागवला ताई. आत्ता दोन गाड्यांचे सहा महिन्यांचे साडेअकराशे भरतो. पोरगं आणि कॅमरी धरून सव्वीसशे. पोरगं आणि मस्टँग, एकोणचाळीसशे. पोराला आकडा दाखवला, म्हटलं फरकाचे तेराशे दर सहा महिन्यांनी तू भर. त्याने फोनवर हिशोब केला आणि म्हणाला बाबा, म्हणजे मी पूर्ण समर लोकांना बुडताना वाचवणार ते इन्शुरन्ससाठी? नको. एवढ्यात संपलं त्याचं. मलाच वाईट वाटलं.

गुळाचा_गणपती (डॅलस):
हुशार पोरगं आहे. कॅमरीच द्या, पण आधी चांगले ऑल सीझन टायर आणि ब्रेक पॅड बदलून घ्या, वाचलेल्या पैशांच्या मानाने चिल्लर आहे. आणि टायर रॅक स्ट्रीट सर्व्हायव्हल म्हणून एक दिवसाची शाळा असते टीनएजरांसाठी, वेगवेगळ्या शहरांत होते, तुमच्या जवळची तारीख शोधा. मोठ्या पार्किंग लॉटमध्ये, आपलीच रोजची गाडी घेऊन जायचं. ओल्या जागेवर मुद्दाम घसरवायला लावतात, पूर्ण ताकदीने ब्रेक मारायला लावतात. एबीएस (चाकं लॉक होऊ न देणारी ब्रेकची यंत्रणा) पायाखाली थरथरतो तेव्हा बरीच पोरं घाबरून पाय उचलतात, ते तिथेच कळलेलं बरं. माझ्या पुतणीने केलं, येऊन म्हणाली काका मला वाटायचं मला ब्रेक मारता येतो.

त्याला वेगाची खरंच आवड असेल तर १८ नंतर ऑटोक्रॉसला न्या. रस्त्यावर असतात तसले प्लास्टिकचे कोन लावलेले असतात, एकेक गाडी सोडतात, चुकलं तर कोन पडतो. कॅमरी घेऊनही जाता येतं, लोक हसतील पण टाळ्याही वाजवतील.

आईच_ती:
सातारकर, स्किडवाला दिवस नक्की करा. आम्ही नंतर केला, तो आधी करायचा होता.

ओकट्री_सातारकर:
नाव नोंदवलं, सप्टेंबरमधली तारीख मिळाली. पोराला सांगितलं तर म्हणे तुम्ही पण करा ना बाबा. पाहिलं तर वयाची अट २१ पर्यंत. ऑटोक्रॉसला मात्र माझ्यासारखे म्हातारे चालतात म्हणे.

शेजाऱ्याची मस्टँग अजून विकली गेलेली नाही. चौदा म्हणतोय आता.

निवांत_नागपूर:
वहिनींना सांगितलं का?

ओकट्री_सातारकर:
नाही अजून. आत्ता स्वयंपाकघरात आहे, आणि भांडी जरा जोरात वाजतायत. उद्या बघतो.