नाताळच्या भेटवस्तू, बजेट आणि आगमनकाळ: कसं जमवायचं?

वसईची_सून:
चार घरांत मिळून 16 मुलं. सगळ्यांना सगळ्यांकडून काहीतरी द्यायचं म्हणता म्हणता आगमनकाळ, म्हणजे नाताळाआधीच्या तयारीचे चार रविवार, दुकानांतच जातो. यंदा चारही घरांचं मिळून बजेट 8,000. त्यात चर्चमधलं गरजू मुलांसाठीचं 'भेटींचं झाड' (झाडावर एकेका मुलाची चिठ्ठी लावायची, लोकांनी ती नेऊन भेटीसोबत परत आणायची) आमच्या महिला मंडळाकडे आलंय. सासरेबुवा म्हणतात, भेटी बंदच करा. काय करावं?

गासचे_काका:
बंद कशाला? बाळ येशूला भेटायला आलेल्या मागी लोकांनीही, म्हणजे तीन राजांनी, सोनं, ऊद आणि गंधरस आणलाच होता. फक्त एका मुलाने एकालाच द्यायचं. 400 प्रमाणे 6,400 होतात, उरलेले 1,600 झाडाला.

चिठ्ठ्या नेहमीसारख्या उचलल्या की शेवटी हमखास सख्ख्या भावाचीच चिठ्ठी उरते आणि सगळं पुन्हा करावं लागतं. त्यापेक्षा मुलांची नावं घरवार एकाखाली एक लिहा, घरातला क्रम तेवढा चिठ्ठीने ठरवा. सर्वांत मोठ्या घरात 5 मुलं असतील तर प्रत्येकाने आपल्यापुढे पाचव्याला द्यायचं. यादी संपली की वरून मोजायचं. मोठ्या घरातली मुलं एकूण मुलांच्या निम्म्यापेक्षा जास्त नसली म्हणजे झालं, सख्खं भावंड येतच नाही. 2026 ला आगमनकाळ 29 नोव्हेंबरला लागतो, त्याआधी खरेदी उरका.

झाडवाली_ताई:
झाडाच्या चिठ्ठीवर मुलाचं नाव नको. क्रमांक, वय, मुलगा की मुलगी आणि कपड्याचं माप पुरे. नावांची वही एकीकडेच ठेवा. बुटांसाठी नंबर न विचारता पाऊल सेंटीमीटरमध्ये मोजून घ्या, कंपनीगणिक नंबर बदलतो. वस्तू उघडीच मागवा, गुंडाळायचा कागद सोबत जोडा. बांधून आलेल्यात जुनं खेळणं निघालं तर 24 तारखेला कळून उपयोग काय? बटण सेलची खेळणी लहानग्यांना अजिबात नको, सेल गिळला तर अन्ननलिका भाजते.

भेटी जमा करायची शेवटची तारीख आगमनकाळाचा तिसरा रविवार, 13 डिसेंबर. काही चिठ्ठ्या परत येतच नाहीत, त्यांची खरेदी पुढच्या आठवड्यात करता येते. तुमचे 1,600 त्यासाठीच राखून ठेवा. आणि कृपा करून मुलांना स्टेजवर रांगेत उभं करून फोटो काढू नका. भेट आईवडिलांच्या हाती गुपचूप द्या, घरी तेच देतील. उजवा हात काय करतो ते डाव्या हाताला कळू नये असं बायबलात मत्तय 6:3 मध्ये आहेच.

बोरिवलीकर:
काका, नोव्हेंबरात खरेदी खेळण्या-पुस्तकांपुरती ठीक. कपडे ऑनलाइन घेतलेत तर बदलून घ्यायची मुदत माल हाती आल्यापासून मोजतात, नाताळला पाकीट उघडेपर्यंत ती संपलेली असते. कपडे ओळखीच्या दुकानातून घ्या आणि 'जानेवारीत बदलून मिळेल' असं बिलावर लिहून घ्या. सगळं 25 लाच उघडायला हवं असंही नाही. तीन राजांचा सण 6 जानेवारीला, गोव्यात रेईश मागुश आणि चांदोरला तो थाटात होतो. मोठ्या मुलांच्या भेटी तेव्हा द्या.

वसईची_सून:
पाचव्याचा हिशेब मस्त! शेजाऱ्यांना फराळाचं ताट जातं, त्याचं?

झाडवाली_ताई:
ते थांबवू नका. कुलकुल (नाताळचा तळलेला गोड पदार्थ) आधी तळून घट्ट डब्यात ठेवा, पण पूर्ण गार झाल्यावरच, नाहीतर मऊ पडतात. ओल्या नारळाच्या नेवऱ्या (करंज्या) मात्र 24 लाच करा, लवकर आंबतात. केकमध्ये अंडं किंवा रम असेल तर ताट देतानाच सांगा.