पासवर्ड मॅनेजरचा बॅकअप: घ्यावा की घेऊच नये?

रात्रपाळी
"पासवर्ड क्लाउडवर आहेत, मग बॅकअप कशाला?" याला माझा साफ विरोध. पासवर्ड मॅनेजर म्हणजे सगळे पासवर्ड एका जागी जपणारं अॅप. त्याचं सिंक, म्हणजे सगळ्या उपकरणांवर तीच यादी ठेवणं, हा बॅकअप नव्हे. फोनवर नोंद पुसली की लॅपटॉपवरचीही जाते, सिंकचं कामच ते. शिवाय दुकान कधी आवरायचं हे कंपनी ठरवते. मायक्रोसॉफ्ट ऑथेंटिकेटरमधले पासवर्ड ऑगस्ट २०२५ पासून त्या अॅपमध्ये दिसेनासे झाले. सूचना आधी दिली होती, पण अशा सूचना वाचतो कोण? अधूनमधून एक्सपोर्ट (सगळ्या नोंदींची फाइल) काढा आणि पेनड्राइव्हवर घरी ठेवा.

तिरपा डोळा
धावपळ परवडली, पण हा एक्सपोर्ट नको. क्रोममधून निघते ती साधी सीएसव्ही फाइल. नोटपॅडमध्ये उघडा, सगळे पासवर्ड वाचून घ्या! ती डाउनलोड्समध्ये पडून राहते, मग कोणीतरी 'सोयीसाठी' स्वतःलाच व्हॉट्सअॅप करतो. लास्टपास या पासवर्ड मॅनेजरचं २०२२ चं प्रकरण आठवा. चोरांच्या हाती लागला तो ग्राहकांच्या व्हॉल्टचा (पासवर्डच्या तिजोरीचा) बॅकअपच. पासवर्ड एन्क्रिप्टेड (किल्लीशिवाय वाचता न येणारे) होते, पण वेबसाइटचे पत्ते उघडेच.

रात्रपाळी
अहो, हे उदाहरण माझ्याच बाजूचं! तो बॅकअप कंपनीच्या क्लाउडवर होता, कोणाच्या कपाटात नव्हे.

कळफलक
दोघंही सीएसव्हीवरच अडलात. बिटवॉर्डन या पासवर्ड मॅनेजरमधून एन्क्रिप्टेड जेसन (फाइलचा एक प्रकार) काढता येते, फक्त तिचे दोन प्रकार आहेत आणि लोक नेमके इथे फसतात. 'अकाउंट रिस्ट्रिक्टेड' घेतली तर ती फक्त त्याच खात्यात परत भरता येते. खातं बंद झालं किंवा खात्याची एन्क्रिप्शनची किल्ली बदलली, की फाइल असून नसल्यासारखी. 'पासवर्ड प्रोटेक्टेड' घ्या. ती दुसऱ्या बिटवॉर्डन खात्यातही भरता येते, मात्र फाइलचा पासवर्ड विसरलात तर कंपनीही काही करू शकत नाही. जेसनमध्ये अटॅचमेंट (नोंदींना जोडलेल्या फाइली) येत नाहीत, त्या वेगळ्या उतरवा.
मी स्वतः कीपास हा पासवर्ड मॅनेजर वापरणारा. त्यात सगळ्या पासवर्डची एकच केडीबीएक्स फाइल, ती कॉपी केली की झालं.

माजघर
माझ्या सासऱ्यांना आता हे जेसन आणि केडीबीएक्स कोण समजावणार? मास्टर पासवर्ड (मॅनेजर उघडणारा) आणि रिकव्हरी कोड (टू-स्टेप कोड हाताशी नसताना आत जायचा) कागदावर लिहिलेत, कागद बँकेच्या लॉकरमध्ये. कागदाला ना व्हायरस लागत, ना अपडेट.

तिरपा डोळा
आणि पासवर्ड बदलला की दर वेळी लॉकर उघडायला कोण जाणार?

माजघर
सारखा बदलायचाच कशाला? अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेनेही २०१७ मध्येच सांगितलंय की, फुटल्याचा पुरावा नसेल तर ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नका.

रात्रपाळी
माजघर, कागद हवाच, पण तो किल्लीचा बॅकअप झाला. व्हॉल्टच रिकामा झाला तर ती किल्ली लावणार कशाला?

तिरपा डोळा
बरं, एन्क्रिप्टेड फाइल मान्य. सीएसव्हीला विरोध कायम. पण इथे कितीजणांनी ती फाइल परत भरून पाहिलीये?

कळफलक
पाहिलीये, आणि पाहणाऱ्यांनी रिकाम्या खात्यात पाहावं. चालू खात्यात भरली तर बिटवॉर्डन आधीच्या नोंदी तपासत नाही, प्रत्येक नोंद दोनदा दिसते. आणखी एक: बिटवॉर्डनचाच टू-स्टेप कोड (लॉगिनला पासवर्डनंतर लागणारा दुसरा कोड) बिटवॉर्डनमध्येच ठेवला असेल, तर नव्या फोनवर आधी काय उघडणार?

माजघर
म्हणूनच तर रिकव्हरी कोड कागदावर आहे, भाऊ.