मदत हवी आहे: तीन फुटी प्लांटेड टँक नव्याने मांडायचा आहे, मासे घरात ठेवूनच

नमस्कार मंडळी,

पुण्यात फ्लॅटमध्ये आमचा तीन फुटी प्लांटेड टँक, म्हणजे जिवंत पाणवनस्पती लावलेली माशांची टाकी, आहे. लांबी ३६ इंच, रुंदी १५, उंची १८. काठोकाठ भरला तर साधारण १६० लिटर, खडी-लाकूड वजा जाता पाणी १३० लिटरच्या आसपास. टँक पाच वर्षांचा झालाय आणि आता तो तळापासून नव्याने मांडायचाय.

आत्ताची अवस्था अशी. खाली मातीचा थर, त्यावर बारीक खडी. मागे व्हॅलिस्नेरिया इतकं माजलंय की पाती पाण्यावर आडवी पसरून निम्म्या टँकवर सावली धरतात. मधोमध ॲमेझॉन स्वोर्ड, त्याची मुळं खडीखालून थेट पुढच्या काचेपर्यंत आलेली दिसतात. लाकडावर अनुबियास आहे, पण जुन्या पानांच्या कडांना ते काळं, दाढीच्या खुंटांसारखं शेवाळ धरलंय. चिमटीत धरून ओढलं तर पान फाटतं, शेवाळ काही सुटत नाही. मासे म्हणजे चार मोठे एंजल आणि सहा कोरी (तळाशी चरणारे छोटे मिशाळ मासे). टँकबाहेर ठेवायचा कॅनिस्टर फिल्टर, ३६ वॉटचा एलईडी रोज दहा तास, झाडांसाठी वेगळा सीओटू (कार्बन डायऑक्साइड) सोडत नाही.

माझी खरी अडचण पाण्याची आहे. महापालिकेचं पाणी असतं तेव्हा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजणारा मीटर शंभरच्या आत-बाहेर दाखवतो. उन्हाळा लागला की सोसायटीत बोअरच्या पाण्याचे टँकर सुरू होतात आणि तोच आकडा साडेचारशेवर जातो, पीएच आठच्या पुढे. खालच्या टाकीत दोन्ही पाणी एकत्र होतं, त्यामुळे नळाला आज काय आलंय ते मोजल्याशिवाय कळत नाही. मऊ, म्हणजे कमी क्षारांच्या, पाण्याला धरून झाडं निवडली तर एप्रिल-मे निभावेल का, हा प्रश्न मला सारखा पडतो.

शिवाय हा टँक बाबांच्या खोलीत आहे. पक्षाघातानंतर त्यांचा बराचसा दिवस समोरच्या खुर्चीत जातो. मासे खायला वर आले की ते हात वर करून मला खूण करतात. त्यामुळे टँक आठवडाभर रिकामा ठेवणं मला मान्य नाही. एका रविवारात सकाळी उपसून संध्याकाळी दिवा लागायला हवा. आणखी एक गोष्ट. खुर्चीत बसल्यावर त्यांची नजर टँकच्या अगदी खालच्या भागाला समांतर येते. यूट्यूबवरचे लेआउट सगळे समोरून, मधल्या उंचीवरून छान दिसणारे असतात. खालून बघणाऱ्यासाठी मांडणी कशी करायची, हे कुणी केलं असेल तर जरूर सांगा.

डोळ्यांसमोर चित्र आहे ते सह्याद्रीतल्या ओढ्याचं. बाबा जावळीतले. काळे कातळ, सावली, प्रवाहाला तोंड करून उभे राहिलेले मासे. एंजल मैत्रिणीला द्यायचे आणि मिस केरळ, म्हणजे डेनिसन बार्ब, आणायचे असं मनात आहे. भाचा म्हणाला कास पठारावरून वायतुरा आणू. त्याला मी तिथल्या तिथे नाही सांगितलं. ती वनस्पती सह्याद्रीच्या या पठारांवरच वाढते, ती तिथेच राहायला हवी.

तर अ‍ॅक्वासॉइल (झाडांसाठी मिळणारी दाणेदार तयार माती) घालू की वाळू? मासे त्याच दिवशी परत सोडता येतील का? आणि हे काळं शेवाळ नव्या मांडणीत येऊ नये म्हणून काय करू?

प्रतिसाद १

ताई, एका दिवसात होतं. फक्त क्रम चुकवू नका.

पाणी ढवळण्याआधी मासे बाहेर काढा. पाच वर्षं दबलेल्या मातीत हवा न पोचलेले कप्पे असतात. ते उकरले की सडक्या अंड्याचा वास येतो, तो हायड्रोजन सल्फाइड. सोबत अमोनियाही सुटतो. मासे आत असताना ही माती कधीच हलवायची नाही. मोठा झाकणाचा टब घ्या, टँकमधलंच स्वच्छ पाणी भरा, मासे त्यात सोडा आणि कॅनिस्टर त्या टबावर चालू करून द्या. तुमचे उपयोगी जीवाणू पाण्यात फारसे नसतात, ते फिल्टरच्या स्पंजात आणि आतल्या सिरॅमिक रिंगांवर असतात. फिल्टर बंद राहून आतलं पाणी साचलं की ते गुदमरतात. त्या दिवशी फिल्टर धुऊ नका, आणि नळाखाली तर अजिबात नाही. क्लोरीन आहे.

अ‍ॅक्वासॉइलचा नाद सोडा. नवी अ‍ॅक्वासॉइल सुरुवातीचे काही आठवडे अमोनिया सोडते. पीएच आठच्या पाण्यात त्यातला विषारी भाग जास्त असतो. त्यात टँकरचं जड (जास्त क्षारांचं) पाणी घातलं की तिची पाणी मऊ करायची ताकद लवकर संपते. म्हणजे पैसेही गेले आणि मासेही. त्याऐवजी गोल दाण्याची वाळू आणि झाडांच्या मुळाशी रूट टॅब, म्हणजे खताच्या गोळ्या. कोरींनाही हेच बरं, धारदार खडीवर त्यांच्या मिशा झिजतात.

प्रतिसाद २

ओढ्याची कल्पना सुंदर आहे, पण मिस केरळ आणू नका अशी विनंती. तो मासा पाच-सहा इंचांचा होतो, थव्याने राहतो, सतत पोहतो. त्याला चार-पाच फुटी टँक हवा, वाहतं पाणी हवं आणि थंडावा हवा. पुण्यात मे महिन्यात टँक तिशीला पोचतो. शिवाय हा मासा केरळ-कर्नाटकातल्या नद्यांमध्ये धोक्यात आलेला आहे आणि शोभेच्या माशांच्या व्यापारासाठी झालेली पकड हे त्यामागचं मोठं कारण आहे. २०१३ मध्ये त्याच्यासाठी जो नवा वंश (जीनस) मांडला गेला त्याचं नाव सह्याद्रिया. एवढं नाव धारण करणारा मासा आपल्या हॉलमध्ये धापा टाकताना बघवणार नाही.

एंजल ठेवा की. ते अ‍ॅमेझॉनकडचे आहेत हे खरं, पण बाबा त्यांना ओळखतात. ओढा नको, डोह करा. कातळाखाली पाणी थांबतं तशी जागा. एंजलना संथ पाणीच आवडतं आणि १८ इंच उंची त्यांच्या उभ्या परांना पुरते. मात्र सोबत निऑन टेट्रा नको, मोठे एंजल ते गिळतात.

बसलेल्या माणसासाठी मांडणी मी सासऱ्यांकरता केली आहे. पुढच्या पाच-सहा इंचांत एकही झाड नाही, नुसती वाळू, जाडी दोन-तीन सेंटीमीटर. खालून बघताना पुढे गवत लावलं तर त्यामागचं सगळं झाकतं. वाळू मोकळी असली की कोरी तोंड खुपसून चरतात ते अगदी डोळ्यांसमोर येतं. मागे उतार दहा-बारा सेंटीमीटरपर्यंत चढवा आणि उतार घसरू नये म्हणून मधे दगड आडवे पुरा. मोठे दगड पुढे, बारीक मागे. रुंद पानांचं अनुबियास पुढच्या दगडांवर, बारीक पानांची झाडं मागे. १५ इंच खोली दुप्पट वाटते.

दगड बेसॉल्टचाच घ्या, पण त्यातले पांढरे डाग तपासा. आपल्या काळ्या कातळाच्या पोकळ्यांत कॅल्साइट असतं. थेंबभर अ‍ॅसिड टाकल्यावर फसफसलं तर तो दगड बाहेर. पाणी आधीच जड होतंय, त्यात भर नको.

प्रतिसाद ३

काळ्या शेवाळाबद्दल. टँक रिकामा असतानाच संधी आहे. लाकूड आणि अनुबियास बाहेर काढा, ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड ब्रशने लावा, चार-पाच मिनिटं थांबा, धुवा. मेडिकलमधल्या बाटलीवर ६ टक्के लिहिलं असेल तर तेवढंच पाणी मिसळा. काही दिवसांत शेवाळ गुलाबी पडेल, म्हणजे मेलं. फार माखलेली पानं सरळ कापा. दिवा टायमरवर सहा तास करा. सीओटू नसताना दहा तास फार होतात.

पाण्याचं म्हणाल तर जड पाणी सोसणारी झाडंच धरा. क्रिप्टोकोरिन वेंडटी, जावा फर्न, अनुबियास. क्रिप्ट लावल्यावर पानं विरघळतील, घाबरून उपटू नका, मुळांतून पुन्हा फुटतं. अनुबियासचा कंद वाळूत पुरू नका. आणि उन्हाळ्यात उडालेलं पाणी टँकरच्या पाण्याने भरू नका. वाफ जाते, क्षार मागे राहतात. ती भर घरच्या आरओच्या पाण्याने घाला.

धागाकर्ती

तिघांचेही मनापासून आभार. एंजल राहणार. बाबांना विचारलं, त्यांनी मान हलवून होकार दिला. डोहच करते.

पाणी बदलायला ५० लिटरचं पिंप बाल्कनीत ठेवते. मीटर कमी दाखवेल त्या दिवशी भरून ठेवायचं आणि तेच दर आठवड्याला वापरायचं. चौथा हिस्सा बदलायचा तर ३०-३२ लिटर लागतील, म्हणजे पुरतं. पावसाळा सुरू होईपर्यंत टँकर आहेतच, म्हणून उपसायचा रविवार महापालिकेचं पाणी नीट येऊ लागल्यावरचा धरते.

एक शंका राहिली. स्वोर्ड बाबांनी स्वतः लावलेला आहे, तो टाकायचा नाही. एवढ्या मुळांसकट काढून परत लावला तर जगेल का?

प्रतिसाद १

जगेल. मुळं चार इंचांवर कात्रीने सरळ कापा, बाहेरची म्हातारी पानं काढा, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवा. लावताना मधला कोंब वाळूच्या वर राहू द्या आणि बुडाशी दोन रूट टॅब. मागच्या कोपऱ्यात लावा, मधोमध नको, नाहीतर वर्षभरात डोह त्याच्याच पानांनी भरेल.