नऊच्या तारा काढून दहाच्या चढवल्या: ब्रिज टेकवावा की तरंगता ठेवावा?

खर्ज
स्ट्रॅटसारख्या (स्ट्रॅटोकास्टर) इलेक्ट्रिक गिटारवर ९-४२ तारांच्या (सर्वांत बारीक आणि सर्वांत जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत) जागी १०-४६ चढवल्या की ब्रिज (तारांची खालची टोकं धरणारा हलता भाग) पुढे झुकतो आणि तारा फिंगरबोर्डपासून उंच जातात. ६४८ मिमी स्केलवर (तारेच्या वाजत्या भागाची लांबी) पहिल्या संचाचा एकूण ताण ३८ किलोच्या आसपास, दुसऱ्याचा ४७. तरंगता ब्रिज बॉडीला न टेकता तारा आणि मागच्या स्प्रिंगा यांच्या ताणावर तोललेला असतो; स्प्रिंगा मात्र त्याच.

ब्रिज हलवून सूर बदलणारा दांडा क्वचित वापरत असाल तर ब्रिज सरळ बॉडीवर टेकवा. मागचं झाकण काढून पाचही स्प्रिंगा लावा, क्लॉचे (स्प्रिंगा अडकवलेला पत्रा) दोन्ही स्क्रू आळीपाळीने अर्धा-अर्धा फेरा आवळा. गिटार सुरात असताना तिसरी तार एक पूर्ण स्वर ओढूनही ब्रिजची मागची कड उचलली नाही, म्हणजे पुरे. ब्रिज खाली बसल्याने तारा फ्रेटला (फिंगरबोर्डवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) घासू लागतात, तेव्हा सॅडल (ब्रिजवर तार टेकते ते ठोकळे) थोडे वर घ्या. एक तार तुटली तरी उरलेल्या पाच सुरात राहतात, आणि ड्रॉप डी या जुळणीसाठी फक्त सहावी तार एक स्वर उतरवावी लागते.

मधला_पिकअप
ताणाचा हिशेब बरोबर, निष्कर्ष पटत नाही. १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर आली तेव्हापासून हा ब्रिज तिचा प्राण आहे. टेकवलात की दांड्याने सूर फक्त उतरतो, चढत नाही.

दहाच्या तारांवरही ब्रिज उत्तम तरंगतो. गडबड होते ती क्रमात. क्लॉ आवळला की सूर चढतात, ते उतरवले की ताण कमी होऊन ब्रिज आणखी मागे जातो, आणि माणूस गोल गोल फिरत राहतो. त्यापेक्षा ब्रिजच्या मागच्या कडेखाली ३.२ मिमी जाडीची पट्टी सरकवा. चार स्प्रिंगा लावून, पट्टी घट्ट दाबली जाईल इतका क्लॉ आवळा. गिटार पूर्ण सुरात लावा. मग दोन्ही स्क्रू पाव-पाव फेरा सैल करत जा. पट्टी अलगद निघाली की थांबा. सूर जवळजवळ हललेला नसतो.

दोन खांबांचा ब्रिज असेल तर तारा ताणलेल्या असताना खांब फिरवू नका. टेकणारी धार बोथट होते, आणि मग दांडा सोडल्यावर ब्रिज जागेवर परतत नाही.

खर्ज
आणि बेंडचं (तार बोटाने ओढून सूर चढवणं) काय? दुसरी तार स्थिर धरून तिसरी एक स्वर ओढा. तरंगता ब्रिज झुकतो, दुसरी उतरते, तिसरी पोचतच नाही. तळहात ब्रिजवर जरा जोरात टेकला तर सगळ्या तारा चढतात. ताल धरून वाजवणाऱ्याला हे रोज सोसावं लागतं.

बारावा_फ्रेट
दोघंही ब्रिजपाशीच अडकला आहात. दहाचा ताण नेकलाही (फिंगरबोर्ड बसवलेली गिटारची मान) वाकवतो. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, शेवटचा फ्रेट दाबा, आठव्यापाशी तार आणि फ्रेटमधली फट बघा: ०.२५ मिमी हवी. जास्त असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली, तिचा बाक सुधारणारी सळई) आवळा, एका वेळी पाव फेरा, त्याहून अधिक नाही.

मग नट, म्हणजे नेकच्या टोकाची, तारांसाठी खाचा असलेली पट्टी. ४२ साठी कापलेल्या खाचेत ४६ ची तार अडकते. सूर लावताना ‘टिंग’ असा आवाज येऊन ट्यूनरची सुई उडी मारत असेल तर दोष ब्रिजचा नाही. खाच रुंद करायची, खोल नाही. खोल गेली तर मोकळी तार पहिल्या फ्रेटवर झणझणते आणि नट बदलावा लागतो.

हे झाल्यावर ब्रिज कुठे ठेवायचा ते ठरवा. सॅडलची उंची त्यानंतर (सतराव्या फ्रेटवर १.६ मिमी), इंटोनेशन (वरच्या फ्रेटवरही सूर अचूक लागणं) सर्वांत शेवटी: बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर हार्मोनिकपेक्षा (तिथेच तार न दाबता नुसती स्पर्शून निघणारा सूर) चढा असेल तर सॅडल मागे, उतरा असेल तर पुढे. ब्रिज नंतर हलवलात तर हे दोन्ही पुन्हा करावं लागेल.

मुळात सगळ्याच तारा जाड कशाला? ९-४६ मध्ये खर्ज भरीव राहतो, वरच्या तारा बोटाला हलक्या लागतात आणि एकूण ताण ४३ किलोच्या आत राहतो.

मधला_पिकअप
नटचं सोळा आणे खरं. बेंडबद्दल: तीन स्प्रिंगा खूप ताणण्यापेक्षा पाच कमी ताणून लावा. ब्रिज तितकाच तरंगतो, पण बेंडला कमी झुकतो. दांडा मात्र जड होतो. ड्रॉप डी गाण्यागणिक लागत असेल तर माझ्याकडे उत्तर नाही, तिथे टेकवाच.