सीझनल वाइन: खरंच वेगळं काम असतं की नुसतं वेगळं लेबल?

बोदावरून (सावळज, ता. तासगाव):

राम राम. आमची पावणेतीन एकर बाग आहे. दोन एकर थॉमसन, बाकी माणिक चमन, दोन्ही बिनबियांच्या जाती. सगळा माल बेदाण्याला जातो. शेड घरचंच, आणि तासगावच्या सौद्याला मीच जाते.

प्रश्न वाइनचा आहे. तो आप्पांना, म्हणजे वडलांना, विचारता येत नाही, म्हणून इथं विचारते. २००६ मध्ये आप्पांनी एका वाइनरीच्या करारावर सव्वा एकर शिराझ, म्हणजे लाल वाइनच्या द्राक्षाची जात, लावली होती. एक पीक धड उचललं. दुसऱ्या वर्षी, २००९ च्या फेब्रुवारीत, घड तोडायला आले असताना फोन आला की टाक्या भरल्यात, माल पाठवू नका. त्या द्राक्षाचे मणी एवढे बारीक की बाजारात कुणी विचारेना, आणि आत बिया, म्हणजे बेदाणाही नाही. त्याच एप्रिलला, तोडणीनंतरच्या खरड छाटणीऐवजी, आप्पांनी जेसीबी बोलावला. मी वर्षाचा शेवटचा पेपर देऊन घरी आले तर बाग झोपलेली. आप्पा त्या दिवशी जेवले नाहीत. तेव्हापासून आमच्या घरात वाइनचं नाव निघत नाही.

आता मागच्या महिन्यात मैत्रिणीबरोबर पलूसकडं एक छोटी वाइनरी बघितली. तिथं त्यांनी 'सीझनल' म्हणून तीन बाटल्या दाखवल्या: जानेवारीत तोडलेल्या शेनिन ब्लांक या पांढऱ्या द्राक्षाची फेसाळणारी, महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीची, आणि मार्चअखेर तोडलेल्या द्राक्षाची गोड. चौथी जांभळाची टाकीत चालू होती. थोड्याच बाटल्या, याच वर्षापुरत्या, असं म्हणाले. त्यांना शेतकरी हवेत, एकरभर शिराझ लावाल का म्हणून विचारलं. खुंट, म्हणजे ज्यावर कलम बांधायचं ते रोप, जानेवारी-फेब्रुवारीत लावायचा तर आत्ताच ठरवायला पाहिजे.

मला एवढंच कळून घ्यायचंय: या सीझनल वाइनमागं खरोखर कसब असतं, का एकच वाइन चार नावांनी विकतात? जे मन लावून काम करतात त्यांच्याशी मी बोलायला तयार आहे. नुसतं लेबल असेल तर आप्पांच्या पुढं विषयही काढणार नाही.

तळघरातला (कुंडल):

ताई, आधी आप्पांचं. २००९ ला मी पलूसच्या वाइन पार्कात पाइप आणि टाक्या धुवायच्या कामावर होतो. २००१ ला राज्याचं वाइन धोरण आलं, त्यानंतर जो तो टाक्या उभारत सुटला आणि शेतकऱ्यांनी भरवशावर बागा लावल्या. २००८ ला मंदी आली, नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलं ओस पडली. आदल्या वर्षीची वाइन टाकीतच राहिली, आणि भरल्या टाकीत नवा रस ओतता येत नाही. म्हणजे टाक्या भरल्या होत्या हे खरं असेल. पण मंदी हल्ल्याआधीच आली होती, म्हणजे ते वाइनरीला ऑक्टोबरातच दिसत असणार. घड धरायच्या गोडी छाटणीआधी सांगितलं असतं तर आप्पांचा औषधांचा, मजुरीचा खर्च तरी वाचला असता. घड पिकल्यावर सांगणं हा अन्यायच, आणि आप्पांचा राग मला शंभर टक्के पटतो.

आता तुमचा प्रश्न. द्राक्षाची वाइन मुळातच सीझनल आहे. बार्ली पोत्यात राहते, म्हणून बिअर बारा महिने होते. द्राक्षाचं तसं नाही, घड वेलीवरनं सुटला की वेळ मोजायला लागायची. आपल्याकडं जानेवारी ते मार्च एवढीच तोडणी. ते दहा-बारा आठवडे हुकले तर वर्ष गेलं.

पण त्या दहा-बारा आठवड्यांत कुठल्या दिवशी तोडायचं, यातच सगळं कसब आहे. एकाच शेनिनच्या बागेतनं तीन वाइन होताना मी बघितल्यात. पहिली तोडणी जानेवारीच्या सुरुवातीला, १८-१९ ब्रिक्सला (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप). तुम्ही बेदाण्याला २२ च्या खाली हात लावत नाही, तेव्हा तुम्हाला हे द्राक्ष कच्चंच वाटेल. चावून बघा, दात आंबतात. तो आंबटपणाच पाहिजे असतो. त्याची साधी वाइन केली की साडेदहा-अकरा टक्के अल्कोहोल येतं. मग ती बाटलीत भरताना लिटरला साधारण २४ ग्रॅम साखर आणि परत थोडं यीस्ट घालायचं आणि झाकण ठोकायचं. बाटलीत दुसऱ्यांदा आंबतं, वायूला बाहेर जायला वाट नाही, दाब सहा वातावरणापर्यंत जातो, मोटारीच्या टायरच्या जवळजवळ तिप्पट. म्हणून त्या बाटल्या जाड काचेच्या. नंतर महिनोन् महिने आडव्या ठेवायच्या. मेलेल्या यीस्टचा गाळ खाली बसतो, त्यातनं पावाच्या कडेसारखा वास वाइनमध्ये उतरतो. शेवटी बाटल्या उलट्या टांगून रोज थोड्या थोड्या फिरवायच्या, गाळ मानेत आणायचा, मान गोठवून तेवढाच गोळा उडवायचा. मी दिवसाला शेकडो बाटल्या फिरवल्यात. मनगटाला सवय झाली की न मोजता बरोबर आठवा हिस्सा फिरतो.

दुसरी तोडणी २१-२२ ब्रिक्सला, रोजच्या पांढऱ्या वाइनची. रस १४-१५ अंशांवर दोन-तीन आठवडे आंबवायचा. घाई केली, गरम होऊ दिलं, तर पेरूचा, लिंबाच्या फुलाचा वास उडून जातो आणि नुसती दारू उरते. एका मार्चमध्ये आमच्याकडं रात्री लाइट गेली, जनरेटर चालेना. टाकीच्या जॅकेटमधनं थंड ग्लायकॉल, म्हणजे टाकी गार ठेवणारं द्रव, फिरायचं थांबलं. पहाटेपर्यंत रस २३ अंशांवर गेला. मी आणि आणखी एक पोरगा बर्फाच्या लाद्या गोणपाटात गुंडाळून टाकीला बांधत होतो. वाइन वाया गेली नाही, पण त्या टाकीला पेरूचा वास कधी आला नाही. शेवटी ती दुसऱ्या टाकीत मिसळावी लागली. चार महिन्यांची राखण एका रात्रीत गेली, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

तिसरी तोडणी मार्चच्या मध्यानंतर. घड वेलीवरच ठेवायचे, मणी सुरकुतू द्यायचे. तुम्हाला हे लगेच कळेल, कारण हा अर्धा बेदाणाच असतो, फक्त वेलीवरचा. पाणी उडतं, साखर २८-३० ब्रिक्सला जाते. यीस्ट सगळी साखर खात नाही. आपल्याला हवा तेवढा गोडवा उरला की टाकी एकदम थंड करून आंबणं थांबवायचं. रस निम्माच निघतो, वर पाखरं, मधमाश्या आणि अवकाळीचा धोका. कुठल्याच वाइनरीला याच्या हजारो पेट्या परवडत नाहीत. म्हणून बाटल्या थोड्या म्हणाले असतील तर ते खरं धरा.

एक गंमत सांगतो, तुम्हाला आवडेल. बागेला डीएपी, ते नत्र-स्फुरदाचं खत, देता ना? यीस्टलाही डीएपी लागतं, खाद्य दर्जाचं. आपल्या जमिनीतल्या रसात नत्र कमी पडलं की यीस्ट उपाशी राहतं आणि टाकीतनं सडक्या अंड्याचा वास येतो. मुरलेला माणूस टाकीच्या झाकणापाशी नाक नेऊन आधीच ओळखतो. मला ते यायला सहा हंगाम लागले.

वाइनरी खरी का खोटी हे बघायचं तर तिथं जाऊन चार गोष्टी विचारा. ही बाटली कुठल्या बागेची, कुठल्या तारखेला तोडली, तोडताना ब्रिक्स आणि आम्लता किती होती, आणि टाकी क्रमांक काय. काम करणारा माणूस वही काढून दाखवतो. लेबलवाला बोलायचं टाळतो, चहा मागवतो.

लालमातीची (भिलार, ता. महाबळेश्वर):

स्ट्रॉबेरीबद्दल मी सांगते. आम्ही तीन वर्षं एका वाइनरीला फळ दिलंय. पेटीत बसत नाही असं बारीक, वाकडं, पण पूर्ण पिकलेलं फळ त्यांना चालतं. खरं तर तेच हवं असतं, कारण पाठवणीच्या फळाला पाऊण रंगावर तोडावं लागतं आणि त्याला वास नसतो. देठाचा हिरवा भाग मात्र एकही राहिलेला चालत नाही, वाइनला गवताची चव येते. आमच्या घरच्या चौघी बायका रात्री बसून देठ काढायच्या, सकाळी फळ घाट उतरून जायचं.

स्ट्रॉबेरीत साखर फार थोडी, आठ-नऊ ब्रिक्स. तेवढ्यावर अल्कोहोल चार-पाच टक्क्यांपलीकडं जात नाही, म्हणून साखर घालावीच लागते. ती लपवायची गोष्ट नाही. कसब रंगात आहे. स्ट्रॉबेरीचा लाल रंग टिकत नाही, वर्षभरात विटेसारखा होतो, आणि वासही जातो. म्हणून मार्चच्या फळाची वाइन दिवाळीपर्यंत प्यावी. ती जपून ठेवायची वाइन नाही. कुणी तुम्हाला दोन वर्षांपूर्वीची स्ट्रॉबेरी वाइन लालभडक दाखवली तर रंग घातलाय का असं सरळ विचारा.

काळी_माती (कवठेमहांकाळ):

माझा विरोध आहे, आणि तो मनापासून आहे. सांगलीत एवढी थॉमसन, सोनाका पडलेली असताना वाइनरीला वेगळी जात कशाला हवी? ज्या वर्षी बेदाण्याचा दर पडतो त्या वर्षी आमचंच द्राक्ष घ्या की. शेतकऱ्यानं पुन्हा एका गिऱ्हाइकाच्या जातीत का अडकायचं? बोदावरून ताईंच्या वडलांचं तेच झालं.

तळघरातला (कुंडल):

काळी_माती, तुमची भीती रास्त आहे. पण थॉमसनची वाइन मी केलीय, एकदा दोन टाक्या. पाण्यासारखी निघाली. का, ते सांगतो. खायच्या द्राक्षाला आपण जीए, म्हणजे मणी वाढवायचं संजीवक, मारतो, विरळणी करतो, मणी फुगवतो. वाइनचा वास, आणि लाल वाइनचा रंग, तुरटपणाही, बहुतेक सालीत आणि सालीच्या आतल्या थरात असतो. मणी मोठा झाला की रस वाढतो, त्या मानानं साल कमी पडते. शिराझचा मणी वाटाण्याएवढा, साल जाड, म्हणून तिचा रस सालीबरोबर आठ-दहा दिवस ठेवला की शाईसारखा होतो. त्यात थॉमसनचा आंबटपणा आपल्या फेब्रुवारीच्या उन्हात लवकर उतरतो. उन्हापायीच वाइनवाले पहाटे, कधी रात्री बॅटरी लावून तोडतात, म्हणजे घड गार असताना टाकीत जातो.

एकरी माल बघा. खायच्या द्राक्षाला तुम्ही दहा-बारा टन काढता. चांगल्या लाल वाइनला तीन-चार टनांवर थांबावं लागतं, जास्त घड ठेवले की पाणचट होते. म्हणजे किलोचा दर बेदाण्याच्या हिशोबात बसतच नाही. म्हणून माझं ताईंना सांगणं आहे, किलोवर करार करू नका. एकरावर करा, घड वाइनरीच्या माणसानं मोजून कमी करायचे, आणि पैसे एकरी ठरलेले. जोखीम दोघांची. आणि माल उचलणार का नाही हे गोडी छाटणीच्या आधी, सप्टेंबरातच, लेखी घ्या. खायच्या द्राक्षाची सगळी बाग मोडू नका, अर्ध्या एकरापेक्षा जास्त लावू नका.

बोदावरून (सावळज, ता. तासगाव):

सगळ्यांचे आभार. काका, तुमचा एकरी कराराचा मुद्दा कागदावर लिहून घेतला.

काल संध्याकाळी धीर करून हा धागा आप्पांना वाचून दाखवला. बर्फाच्या लाद्यांपर्यंत काही बोलले नाहीत. 'ऑक्टोबरातच दिसत असणार' हे वाक्य परत वाचायला लावलं. मग म्हणाले, शिराझ लावायची तर डॉगरिज खुंटावर नको, काडी माजते आणि घड सावलीत पडतो. तेव्हाही मला हे सांगायचं होतं पण कुणी विचारलं नाही. ११० आर खुंट बघ.

म्हणजे सोळा वर्षांत ते त्या बागेचा विचार करत होते.

काका, येत्या रविवारी आम्ही दोघं पलूसला येतोय. आप्पांना ती वही बघायचीय.

तळघरातला (कुंडल):

या. ११० आर बद्दल आप्पांचं बरोबर आहे, आमच्या चांगल्या शिराझ बागा त्यावरच आहेत. सकाळी नऊच्या आत या, जांभळाची टाकी उतरवायचीय. बी फुटू न देता गर सोडवायला लागतो, नाहीतर कडवट होते. आप्पांनी हात लावून बघावा असं काम आहे.