सात आठवडे मागे पडलेल्या साइटवर मेअखेरची मुदत कशी गाठायची?

साइटवाली

नमस्कार. नाशिकमध्ये एका व्यापारी संकुलाचं काम बघते आहे. तळघर, तळमजला आणि वर चार मजले. खाली दुकानं आणि एका बँकेची शाखा, वर ऑफिसं. तळमजला बँकेला इंटिरिअरसाठी मेअखेर द्यायचा, असं मालकांनी लिहून दिलंय.

आज आम्ही बार चार्टच्या (कामाच्या वेळापत्रकाच्या) सात आठवडे मागे आहोत. खोदाईत दोन मीटरवरच काळा पाषाण लागला. चहूबाजूंनी इमारती असल्याने सुरुंग लावता आला नाही, नुसत्या ब्रेकरवर (खडक फोडायच्या यंत्रावर) दहा दिवसांचं काम चोवीस दिवस चाललं. मग परतीच्या पावसाने तळघरात पाणी भरलं. मग दिवाळी. सेंट्रिंगची, म्हणजे स्लॅब ओतायचा साचा बांधणारी, टोळी छठपूजा करून आत्ता आली, तीही निम्मीच. सिंहस्थाच्या कामांमुळे शहरात दुसरी टोळी मिळत नाही. राफ्ट (इमारतीखालचा सलग पाया) आणि तळघराच्या भिंती झाल्यात, तळघरावरच्या स्लॅबचं सेंट्रिंग चालू आहे. म्हणजे अजून सहा स्लॅब बाकी.

कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, "मॅडम, सातव्या दिवशी स्लॅबखालचे टेके काढतो, दहा दिवसाला एक स्लॅब देतो." मालक म्हणतात, रात्रपाळी लावा. मला दोन्ही पटत नाही, पण दुसरं काय मांडावं तेही सुचत नाहीये. बीम साडेसात मीटरचे आहेत. कोणी सांगाल का?

ओळंबा

ताई, आधी टेक्यांचं बोलतो, कारण तिथे माणसं मरतात.

आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात टेके कधी काढायचे याचं कोष्टक आहे, त्याची प्रिंट काढून साइट ऑफिसात लावा. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेके ७ दिवस, त्यापुढच्या स्लॅबचे १४ दिवस. सहा मीटरपर्यंतच्या बीमचे १४ आणि त्याहून लांब बीमचे २१ दिवस. तुमचे बीम साडेसात मीटरचे, म्हणजे २१. शिवाय हे आकडे साध्या ओपीसी सिमेंटचे आणि १५ अंशांच्या खाली न जाणाऱ्या हवेचे आहेत. तुमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे किती गारठा असतो ते मी सांगायला नको, आणि पीपीसी (हळू ताकद धरणारं मिश्र सिमेंट) वापरत असाल तर आणखी थांबावं लागेल. २००९ मध्ये पुण्यात एका शोरूमच्या साइटवर माझ्या नाकासमोर आठव्या दिवशी टेके काढले गेले. मी सुट्टीवर नव्हतो, मी तिथेच होतो आणि गप्प बसलो. बीम मधोमध बोटभर खाली आला. कोणी दगावलं नाही. पण लोड टेस्ट, जॅकेटिंग (बीमला बाहेरून काँक्रीटचं आवरण), भांडणं यात अडीच महिने गेले, ते काही केल्या भरून आले नाहीत. म्हणून तुम्हाला एवढं कळकळीने लिहितोय.

पण त्याच कोष्टकात तुमची सुटकाही आहे. टेके लगेच पुन्हा लावणार असाल तर स्लॅबच्या खालच्या प्लेटा ३ दिवसांनी आणि बीमचे तळ ७ दिवसांनी निघू शकतात. थंडीत दोन-तीन दिवस जास्त धरा, आणि दर स्लॅबला काँक्रीटचे चार क्यूब (ताकद तपासायचे ठोकळे) जादा भरून ते स्लॅबशेजारीच ठेवा. ते फोडून बघितल्याशिवाय हात लावायचा नाही. म्हणजे प्लेटा वरच्या मजल्याला जातात, जॅक (लोखंडी टेके) खाली राहतात. कॉन्ट्रॅक्टरकडे जॅक किती आहेत ते मोजा. माझा अंदाज, एक-दीड मजल्याचे असतील, आणि म्हणूनच त्याला सातव्या दिवशी काढायची घाई आहे. आणखी दोन मजल्यांचे जॅक भाड्याने आणा. रात्रपाळीला जो पैसा जाईल तो इथे घाला. रात्री थकलेला फिटर सळईखाली ठेवायचे कव्हर ब्लॉक विसरतो, आणि ते सकाळी कोणाला दिसत नाही.

आता तारखा. १८ दिवसांचं चक्र धरून पहिला स्लॅब ५ डिसेंबरला टाकलात तर पुढचे २३ डिसेंबर, १० जानेवारी, २८ जानेवारी, १५ फेब्रुवारी, ५ मार्च. बँकेला सहाही स्लॅब लागत नाहीत! तिला तळमजला हवाय. त्याच्या डोक्यावरचा स्लॅब २३ डिसेंबरचा. त्याच्या वरचा १० जानेवारीचा भरून घट्ट झाला की, म्हणजे जानेवारीअखेर, स्ट्रक्चरल डिझायनरचा होकार घेऊन तळमजल्यातले टेके काढा आणि भिंतींच्या ब्लॉकचं काम सुरू करा. फेब्रुवारी ते मे, चार महिने हातात आहेत. सगळ्या इमारतीचा एकच चार्ट समोर ठेवल्यामुळे तुम्हाला हे दिसलं नाही. बँकेच्या तळमजल्याचा वेगळा कागद करा.

आणि बँकेची लॉकररूम कुठे आहे? तिच्या भिंती आरसीसीच्या असतात, वर तिजोऱ्यांचं वजन. तुमच्याकडे ते येणार तळघरावरच्या स्लॅबवर, जो तुम्ही आता भरायला निघालात. बँकेचं ड्रॉइंग डिझायनरने बघितलंय का? बघितलं नसेल तर ५ तारखेचा स्लॅब थांबवा. चार दिवस थांबणं परवडेल.

शेवटचं, दर शनिवारी एक तास कॉन्ट्रॅक्टर, प्लंबर, वायरमन, मालक सगळ्यांना उभं करा. पुढच्या सहा आठवड्यांची कामं वाचा आणि प्रत्येकाला एकच विचारा: हे सुरू व्हायला काय अडलंय? ड्रॉइंग, माल, पैसा, परवानगी, माणूस. अडलंय त्याच्यापुढे नाव आणि तारीख लिहा. "बघतो" ही तारीख नव्हे.

वायरमन

ओळंबा काकांशी सहमत. माझ्याकडून एवढंच: लिफ्टची ऑर्डर आजच नक्की करा. कंपनी ठरल्याशिवाय पिट (लिफ्टखालचा खड्डा) आणि शाफ्टचं माप पक्कं होत नाही, नंतर भिंत फोडायला मीच येतो. दुसरं, महावितरणच्या लोडचा अर्ज. ट्रान्सफॉर्मरची जागा मंजूर व्हायला वेळ खातो, आणि बँक तात्पुरत्या मीटरवर एसी बसवून घेणार नाही. बीममधल्या स्लीव्ह (पाइप-वायरसाठी सोडलेल्या नळ्या) स्लॅबच्या आदल्या दिवशी स्वतः मोजा.

मुकादमाची लेक

ताई, टोळी निम्मी का आली ते विचारलंत का? माझे वडील तीस वर्षं मुकादम होते. दिवाळीला गावी जाताना ज्यांचा हिशोब पूर्ण झाला, ते परत येतात. ज्यांचे पैसे "आरए बिल (झालेल्या कामाचं चालू बिल) निघालं की देतो" म्हणून अडकले, ते दुसऱ्या साइटवर उतरतात. आठवड्याची खर्ची शनिवारी वेळेवर मिळते का, राहायच्या खोल्यांत पाणी येतं का, एवढं बघा. होळीला ते परत जाणार आहेत. मार्चच्या आत त्यांचा हिशोब चुकता होईल असं मालकांकडून आत्ताच कबूल करून घ्या.

साइटवाली

सगळ्यांचे खूप आभार. शनिवारी पहिली बैठक घेतली. एकतीस अडलेल्या गोष्टी निघाल्या, त्यातल्या माणसांच्या कमतरतेमुळे फक्त चार. अकरा आमच्याच ऑफिसातल्या निर्णयांच्या होत्या. टाइल, शटरचं माप, टॉयलेटचं ड्रॉइंग.

जॅक मोजले. एका मजल्याला पुरून थोडे उरतात एवढेच. मालकांनी भाड्याचे आणायला होकार दिला, रात्रपाळी रद्द.

मुकादमाची लेक, तुमचं अगदी खरं निघालं. ऑगस्टचं बिल अजून निघालेलं नव्हतं. उद्या निघतंय.

काका, लॉकररूमचं ड्रॉइंग बँकेने पाठवलं होतं, ते आर्किटेक्टच्या मेलमध्येच पडून होतं. डिझायनर म्हणतात, त्या भागात दोन बीम खोल करावे लागतील. म्हणून स्लॅब ५ ऐवजी ११ डिसेंबरला.

ओळंबा

सहा दिवस गेले ते चांगल्या कामी गेले. खोल बीमचं सेंट्रिंग नव्याने बांधताना त्याखालचा तळघराचा पाया ओला आहे का बघा. पाणी भरलं होतं म्हणालात ना, जॅकखाली फळ्या टाका. आणि ११ ला सकाळी सळई तपासून झाल्यावर फोटो टाका इथे, मी बघेन.